एक गाऱ्हाणे, दोन दप्तरे : मुफसल वकिली आणि कथनाचा इतिहास

भारतीय न्यायव्यवस्थेचा इतिहास बहुधा वरून खाली लिहिला गेला आहे. १८६२ मध्ये कलकत्ता, मद्रास व मुंबई येथे स्थापन झालेली उच्च न्यायालये, तेथील नामांकित बॅरिस्टर, प्रिव्ही कौन्सिलचे निवाडे व गाजलेले राजद्रोहाचे खटले हे या इतिहासाचे परिचित टप्पे होत. जिल्ह्याच्या वा तालुक्याच्या ठिकाणी एकाच ओसरीवर सकाळी मारामारीतील आरोपीच्या जामिनाचा अर्ज आणि दुपारी गहाण जमिनीच्या सोडवणुकीचा दावा लिहिणारा वकील या इतिहासात क्वचितच दिसतो. दिसला तरी तो राष्ट्रीय चळवळीचा कार्यकर्ता म्हणून दिसतो. त्याची वकिली ही त्याच्या चरित्राची केवळ पूर्वपीठिका ठरते.

तौलनिक साहित्याभ्यासाच्या दृष्टीने ही उपेक्षा विशेष खटकणारी आहे. भाषांतराचा विचार या विद्याशाखेत प्रामुख्याने ग्रंथांच्या अनुषंगाने होतो. ग्रंथांच्या जगाबाहेर मात्र कचेरीच्या आवारात एक भाषांतर रोजच्या रोज चालू होते. भोजपुरी, ओडिया, मराठी वा मल्याळम बोलणाऱ्या माणसाचे गाऱ्हाणे कायद्याच्या भाषेत आणि पुढे इंग्रजी निकालपत्रात रूपांतरित होत होते. या रूपांतराचा पहिला कर्ता मुफसलचा वकील होता. त्याने लिहिलेल्या पहिल्या कागदात जे आले, त्याचाच विचार वरच्या न्यायालयांत होऊ शकला. जे आले नाही, ते बहुधा कायमचे अनुच्चारित राहिले. प्रस्तुत लेखात या व्यवसायाची घडण पाहून कटक, मोतीहारी व महाड येथील तीन उदाहरणांच्या आधारे या विधानाची तपासणी केली आहे.

१. शब्दांची साक्ष

या व्यवसायाची परिभाषाच त्याच्या स्वरूपावर प्रकाश टाकते. 'मुफस्सल' हा मूळ अरबी शब्द. वेगळे केलेले, तपशीलवार, असा त्याचा अर्थ. मराठीतील 'तपशील' हा शब्द त्याच धातूपासून आलेला आहे. इंग्रजी अमदानीत राजधानीच्या शहराबाहेरील सारा मुलूख 'मुफसल' ठरला. केंद्राकडे सिद्धान्त आणि मुफसलकडे तपशील, ही श्रमविभागणी जणू शब्दातच नोंदली गेली.

'वकील' या शब्दाचा मराठी इतिहास अधिक जुना आहे. मराठेशाहीत वकील म्हणजे एका दरबाराने दुसऱ्या दरबारी ठेवलेला प्रतिनिधी. दिल्लीतील पेशव्यांचे वकील हिंगणे यांची पत्रे मराठ्यांच्या इतिहासाची महत्त्वाची साधने आहेत. परक्या दरबाराची भाषा व रीतिरिवाज जाणून धन्याचा मतलब तेथील भाषेत मांडणे आणि तेथील हालहवाल धन्याला त्याच्या भाषेत कळविणे, हे या वकिलाचे काम होते. कंपनी सरकारच्या अदालतीत वकील उभा राहिला तेव्हा दरबार बदलला. काम फारसे बदलले नाही. ज्याच्या वतीने वकील बोलतो त्याला मराठीत 'अशील' म्हणतात. या शब्दातही 'मूळ', 'अस्सल' हाच भाव आहे. अशील हा मूळ आणि वकील त्याच्या वतीचा. मूळ संहिता आणि तिचे भाषांतर यांच्यात असतो तसाच विश्वासाचा आणि संशयाचा संबंध या दोघांत असतो.

'फिर्याद' आणि 'दावा' या शब्दांतील फरकही लक्षणीय आहे. फारसीत 'फर्याद' म्हणजे आर्त हाक. 'दावा' म्हणजे हक्काचे प्रतिपादन. परंतु मराठीत त्याला वैराचाही अर्थ चिकटला. 'दावा धरणे' याचा अर्थ वैर बाळगणे. फौजदारीच्या मुळाशी हाक आहे आणि दिवाणीच्या मुळाशी हक्क. मोगल व्यवस्थेत फौजदार आणि दिवाण हे दोन वेगळे अधिकारी होते; त्यांच्या नावांनी न्यायाच्या दोन शाखा आजही ओळखल्या जातात. गावातला माणूस मात्र हाक आणि हक्क अशी वाटणी करून कचेरीत येत नाही. बांध कोरला गेला, त्यावरून मारामारी झाली आणि सावकाराने त्याच सुमारास जमीन जप्त करवली, हे त्याच्या लेखी एकच गाऱ्हाणे असते. ते दोन दप्तरांत विभागणे हे वकिलाचे पहिले काम होय.

२. व्यवसायाची घडण

बंगालमध्ये १७९३ च्या सातव्या रेग्युलेशनने अदालतींतील वकिलांना नियमबद्ध स्वरूप दिले. मुंबई इलाख्यात १८२७ च्या एल्फिन्स्टन संहितेने दिवाणी न्यायालयांची व त्यांतील वकिलांची व्यवस्था लावली. १८३७ च्या कायद्याने कचेरीतील फारसीची सक्ती संपुष्टात आली आणि खालच्या न्यायालयांत देशी भाषांना वाट मिळाली. फारसी गेली, तरी तिची परिभाषा गेली नाही; मराठी, हिंदी, बंगाली व ओडिया कचेऱ्यांत तीच थोड्याफार फरकाने नांदत राहिली. १८४६ च्या कायद्याने धर्म वा राष्ट्रीयत्व यांचा विचार न करता पात्र व्यक्तींना वकिली खुली केली. १८६५ व १८७९ च्या कायद्यांनी प्लीडर, मुखत्यार इत्यादी दर्जे निश्चित केले. वकिलीच्या परवान्याला मराठीत 'सनद' हाच शब्द रूढ झाला आणि तो आजतागायत टिकून आहे.

दरम्यान कायद्याचे संहितीकरण झाले. दिवाणी कार्यपद्धतीची संहिता १८५९ मध्ये, भारतीय दंड संहिता १८६० मध्ये, फौजदारी कार्यपद्धतीची संहिता १८६१ मध्ये आणि पुराव्याचा कायदा १८७२ मध्ये संमत झाला. या संहितांमुळे मुफसल वकिलाला दोन्ही शाखांचे काम करणे सुलभ झाले. मुंबई वा कलकत्त्यात बॅरिस्टर आणि सॉलिसिटर, मूळ शाखा आणि अपील शाखा असे भेद होते. तालुक्याच्या गावी अशी विभागणी परवडणारी नव्हती. चार ग्रंथ, एक कारकून, कचेरीबाहेर बसणारा अर्जनवीस आणि बाजाराच्या दिवशी भरणारी ओसरी एवढ्यावर हा व्यवसाय चालत असे. लग्न, वाटणी, दत्तक, गहाण, चोरी आणि खून या सर्वांची वाट त्याच ओसरीवरून जात असे.

या व्यवसायाविषयी समाजात विश्वास होता त्याहून अधिक अविश्वास होता. 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण त्या अविश्वासाचीच नोंद आहे. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे व कर्जखते हस्तगत करून जाळली. चौकशीत सावकारांनी मिळविलेल्या एकतर्फी हुकूमनाम्यांचा प्रश्न ठळकपणे पुढे आला. कूळ हजर नाही, कैफियत नाही, म्हणून निकाल सावकाराच्या बाजूने, हा प्रकार सार्वत्रिक होता. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने यावर उपाय योजले. लहान रकमेच्या दाव्यांत वकिलांच्या उपस्थितीवर निर्बंध हा त्यांपैकी एक. वकील शेतकऱ्याचा तारक की मारक, याविषयी सरकारचीच द्विधा अवस्था त्यात दिसते. १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात जोतीराव फुले यांनी निरक्षर शेतकरी आणि लेखणी हाती असलेला कामगारवर्ग यांच्यातील विषमतेवर बोट ठेवले. कचेरीतील भाषांतर एका विशिष्ट जातिवर्गाच्या हाती एकवटले आहे, हा त्यांच्या टीकेचा मथितार्थ होता. त्याच काळात पुण्यात सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी यांनी लवाद कोर्टाचा पुरस्कार केला आणि १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांच्या बचावासाठीही तेच उभे राहिले. कोर्ट टाळण्याचा आग्रह आणि कोर्टात उभे राहण्याची तयारी एकाच वकिलाच्या ठायी असणे हे त्या काळाचे वैशिष्ट्य होते.

३. दोन कथनरूपे

फौजदारी आणि दिवाणी यांचा भेद कायद्याच्या अभ्यासकाला विषयभेद वाटतो. कथनाच्या अभ्यासकाला तो रूपभेद दिसतो. फौजदारी खटल्याचे कथन एका क्षणावर एकवटलेले असते : अमुक तिथीला, अमुक वेळी, अमुक जागी कोणी कोणावर हात उचलला. त्याआधीची तीस वर्षे 'हेतू' या एका शब्दापुरती उरतात. दिवाणी दाव्याचे कथन उलट दिशेने जाते. त्यात क्षणाला महत्त्व नाही, पिढ्यांना आहे. वंशावळ, खरेदीखत, गहाणखत, कब्जा आणि वहिवाट यांच्या साखळीतून हक्क सिद्ध करावयाचा असतो. एकात साक्षीदाराचे डोळे महत्त्वाचे, तर दुसऱ्यात कागद. मराठी मुलखात हे जुने कागद मोडी लिपीत असत, बिहारात कैथीत. लिपी वाचणारा कारकून त्यामुळे वकिलाइतकाच आवश्यक होता.

साक्ष नोंदविण्याची रीत येथे विशेष विचारात घेण्याजोगी आहे. १८९८ च्या फौजदारी व १९०८ च्या दिवाणी कार्यपद्धतीच्या संहितांनुसार साक्ष सामान्यतः प्रश्नोत्तरांच्या रूपात नव्हे, तर निवेदनाच्या रूपात लिहून घ्यावयाची असे. म्हणजे वकिलाने चाळीस प्रश्न विचारले, साक्षीदाराने त्यांना 'होय', 'नाही', 'आठवत नाही' अशी उत्तरे दिली, तरी कागदावर उमटे ते साक्षीदाराचे सलग आत्मनिवेदन. 'मी त्या दिवशी शेतावर होतो. मी आरोपीला ओळखतो. माझे व त्याचे वैर नाही.' प्रश्न गळून जात आणि त्यांबरोबर प्रश्नकर्ताही. पाहता पाहता ही प्रथमपुरुषी गद्यरचना साक्षीदाराची वाटते; तिचा आराखडा मात्र वकिलाच्या प्रश्नांनी ठरविलेला असतो.

वसाहतकालीन साक्षींचा इतिहासलेखनासाठी उपयोग करणाऱ्या अभ्यासकांनी हा धोका ओळखला आहे. १९८७ मध्ये 'सबाल्टर्न स्टडीज'च्या पाचव्या खंडात रणजित गुहा यांनी एका खेड्यातील स्त्रीच्या मृत्यूविषयीच्या तुटक जबान्यांचे वाचन केले, तर शाहिद अमीन यांनी चौरीचौरा खटल्यातील माफीच्या साक्षीदाराच्या निवेदनाची चिकित्सा केली. चौरीचौरा येथील १९२२ च्या घटनेनंतर गोरखपूरच्या सत्र न्यायालयाने जानेवारी १९२३ मध्ये १७२ जणांना देहान्ताची शिक्षा सुनावली. अलाहाबाद उच्च न्यायालयात ती १९ जणांपुरती कायम झाली. या दोन आकड्यांमधील दीडशेहून अधिक माणसांचे जगणे कोणाच्या निवेदनावर किती विश्वास ठेवावा या प्रश्नावर अवलंबून होते. साक्षीचे गद्य कसे घडते हा म्हणून निव्वळ शैलीचा प्रश्न राहत नाही.

दिवाणी कामातही खालच्या न्यायालयाचे महत्त्व असेच निर्णायक होते. दुसरे अपील सामान्यतः कायद्याच्या मुद्द्यांपुरते मर्यादित असते. वस्तुस्थिती काय होती याचा निर्णय खालीच होतो. उच्च न्यायालयाच्या इंग्रजी निकालपत्राला जी 'वस्तुस्थिती' म्हणून दिसते, ती मुन्सफाच्या कोर्टात, स्थानिक भाषेत आणि मुफसल वकिलाच्या लेखणीतून घडलेली असते.

४. कटक : वकिलाची फी

ही प्रक्रिया साहित्यात सर्वांत आधी ज्यांनी नेमकी पकडली, त्यांत ओडिया कादंबरीकार फकीरमोहन सेनापती यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. त्यांची 'छ माण आठ गुंठ' ही कादंबरी १८९७ ते १८९९ या काळात 'उत्कल साहित्य' मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली व १९०२ मध्ये पुस्तकरूपाने आली. सेनापतींनी ओडिशातील अनेक संस्थानांत दिवाण म्हणून काम केले होते. कचेरीची भाषा त्यांना आतून ठाऊक होती.

कादंबरीचे शीर्षक म्हणजे भागिया आणि सारिया या विणकर दांपत्याच्या जमिनीचे माप. हे माप दिवाणी कागदातले आहे. जमीनदार रामचंद्र मंगराज हा अपत्यहीन दांपत्याच्या श्रद्धेचा फायदा घेऊन त्यांना कर्जात गुंतवतो आणि ती जमीन गिळंकृत करतो. सारे कायदेशीर मार्गाने घडते. सारियाचा मृत्यू झाल्यावर प्रकरण फौजदारीत जाते. मंगराजावर तिच्या हत्येचा आरोप येतो. खटल्याच्या निमित्ताने सेनापती साक्षीदारांच्या जबान्याच कादंबरीत मांडतात. हत्येचा आरोप सिद्ध होत नाही. मंगराजाला शिक्षा होते ती त्या दांपत्याची गाय बळकावल्याबद्दल.

या निकालात फौजदारी कथनाची मर्यादा स्पष्ट होते. मूळ अन्याय जमिनीचा. तो दिवाणी कागदपत्रांनी केव्हाच पचविला आहे. फौजदारी न्यायालयापुढे सारियाचा मृत्यू आणि गाय एवढेच येते. मृत्यू सिद्ध करता येत नाही, गाय सिद्ध करता येते. जमीन हा प्रश्नच उरत नाही.

कादंबरीतील वकील राम राम लाला याची व्यक्तिरेखा या संदर्भात महत्त्वाची ठरते. मंगराजाच्या बचावाची फी म्हणून तो त्याची जमीनदारी आपल्याकडे ओढून घेतो. ही जमीनदारी मंगराजाने स्वतः शेख दिलदार मियाँ या जमीनदाराकडून कर्जाच्या मार्गाने मिळविली होती. जुना जमीनदार, सावकार आणि वकील असा हा हस्तांतराचा क्रम आहे. फौजदारी बचावाच्या मोबदल्यात दिवाणी मालमत्ता हस्तगत करणारा हा वकील दोन दप्तरांमधील दुवा आहे. ज्या दोन गोष्टी न्यायालयाने विभक्त केल्या, त्या वकिलाच्या हिशेबवहीत एकत्र येतात. कटक हे ओरिसा विभागाचे मुख्य ठिकाण असले, तरी कलकत्त्याच्या दृष्टीने ते मुफसलच होते. आणि व्यवस्थेचे खरे स्वरूप मुफसलमध्येच उघडे पडते, हा सेनापतींच्या उपहासाचा आशय आहे.

५. मोतीहारी : बचावाविना खटला

सेनापतींच्या कादंबरीनंतर दोन दशकांनी उत्तर बिहारमधील चंपारण जिल्ह्यात मुफसल वकिलांपुढे वेगळाच प्रसंग उभा राहिला. नीळमळ्यांच्या 'तीनकठिया' पद्धतीनुसार कुळाला वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांत नीळ लावणे भाग होते. निळीची किंमत उतरल्यावर या बंधनातून मुक्तता देण्याच्या बदल्यात 'शरहबेशी' म्हणजे खंडवाढ, किंवा 'तावान' म्हणजे एकरकमी भरपाई वसूल करण्यात आली. दरभंग्याचे वकील ब्रजकिशोर प्रसाद, मोतीहारीचे गोरख प्रसाद आदींनी कुळांचे खटले चालविले होते. प्रत्येक कुळाचा दावा स्वतंत्र, प्रत्येकाचा पुरावा स्वतंत्र आणि प्रत्येकाची फी स्वतंत्र. जिल्हाभर पसरलेला अन्याय शेकडो सुट्या प्रकरणांत वाटला गेला होता.

एप्रिल १९१७ मध्ये मुझफ्फरपूर येथे गांधीजींची या वकिलांशी चर्चा झाली. वकिलांच्या फीचे आकडे ऐकून आपण थक्क झालो, असे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे. त्यांनी वकिलांना सांगितले की, त्यांच्या कायदेज्ञानाचा आपल्याला फारसा उपयोग नाही. लेखनिकाचे आणि दुभाष्याचे काम मात्र हवे आहे. येथील बरेचसे कागद कैथीत व उर्दूत आहेत आणि ते आपल्याला वाचता येत नाहीत, हे त्यांनी कारणासह सांगितले. या प्रसंगाकडे सहसा नम्रतेचा वा त्यागाचा धडा म्हणून पाहिले जाते. व्यवसायाच्या इतिहासाच्या दृष्टीने त्याचा अर्थ वेगळा आहे. मुफसल वकिलाचे जे काम कायदेज्ञानाच्या आड झाकले गेले होते, ते येथे प्रथमच उघडपणे त्याचे मुख्य काम म्हणून ओळखले गेले.

जिल्हा सोडून जाण्याचा हुकूम मोडल्याबद्दल १८ एप्रिल १९१७ रोजी गांधीजींवर मोतीहारीत खटला उभा राहिला. त्यांनी आरोप मान्य केला. बचावच नसल्याने बचावाच्या वकिलांना कामच उरले नाही. पुढे सरकारने खटला काढून घेतला आणि चौकशी सुरू झाली. वकिलांनी हजारो रयतांच्या जबान्या लिहून घेतल्या. प्रत्येकाची उलटतपासणी करावी आणि कसोटीला न उतरणारी जबानी नोंदवू नये, असा दंडक होता. वकिलीचे कसब तेच होते. मात्र जबानी आता एका दाव्यापुरती नव्हती. सुट्या प्रकरणांत विखुरलेले कथन पुन्हा एकत्र आले. सरकारी चौकशी समितीत गांधीजींचा समावेश झाला आणि १९१८ च्या चंपारण कृषिविषयक कायद्याने तीनकठियाचा अंत झाला. वर्षानुवर्षांच्या दाव्यांनी जे साधले नव्हते ते दाव्याचा साचा मोडल्यावर वर्षभरात साधले, हे या प्रसंगाचे व्यवसायाला झोंबणारे तात्पर्य आहे.

६. महाड : कैफियतीतील मर्यादा

चंपारणात दाव्याचा साचा सोडून देण्यात आला. महाडमध्ये तो सोडणे शक्य नव्हते, कारण तेथे दावा विरोधकांनीच लावला होता. कुलाबा जिल्ह्यातील या तालुक्याच्या गावी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाने चवदार तळ्याचे पाणी घेतले. नगरपालिकेने १९२४ मध्येच ते तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता. पाणी घेतल्यानंतर परिषदेतील लोकांवर हल्ला झाला. त्यातून दोन वेगळ्या न्यायालयीन कथा निघाल्या.

पहिली फौजदारी. हल्लेखोरांवर खटला चालून त्यांतील काहींना शिक्षा झाली. तेथे प्रश्न होता तो कोणी कोणाला मारले एवढाच. दुसरी दिवाणी. डिसेंबर १९२७ मध्ये काही स्पृश्य रहिवाशांनी महाडच्या दुय्यम न्यायाधीशांच्या कोर्टात दावा दाखल केला आणि १४ डिसेंबर रोजी तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. आंबेडकर स्वतः प्रतिवादी होते. वर्षअखेरीच्या सत्याग्रह परिषदेत त्यांनी हा हुकूम न मोडण्याचा निर्णय घेतला. २३ फेब्रुवारी १९२८ रोजी मनाई उठली. मूळ दाव्याचा निकाल ८ जून १९३१ रोजी प्रतिवादींच्या बाजूने लागला. ठाण्याच्या न्यायालयाने अपील ३० जानेवारी १९३३ रोजी फेटाळले आणि मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी तोच निर्णय कायम केला. ओंजळभर पाण्यापासून अंतिम निकालापर्यंत दहा वर्षे गेली.

या दहा वर्षांत न्यायालयापुढे कोणता प्रश्न होता? वादींचे प्रतिपादन असे की, अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची अनादि काळापासूनची वहिवाट आहे. म्हणजे पुराव्याचा विषय ठरला तो वहिवाटीचे वय. ती किती जुनी, कोणी पाहिली आणि कोणत्या कागदात आहे? अन्याय्य प्रथा जितकी जुनी, तितका तिचा दावा बळकट, असा हा तर्क होता. उच्च न्यायालयाने अनादि वहिवाट सिद्ध झाली नाही म्हणून अपील फेटाळले. ती सिद्ध झाली असती तर ती अवाजवी वा सार्वजनिक हिताविरुद्ध आहे काय, याचा विचार करावा लागला असता, असे न्यायालयाने सूचित केले. मात्र हा मुद्दा खालच्या कोर्टांत रीतसर मांडला गेलेला नव्हता, याचीही नोंद केली.

अस्पृश्यता न्याय्य आहे काय, हा महाडचा खरा प्रश्न अशा रीतीने दोन्ही दप्तरांच्या बाहेर राहिला. फौजदारी दप्तराने त्यातून मारामारी उचलली, दिवाणी दप्तराने वहिवाट. निकाल अनुकूल लागला. परंतु तो प्रश्नाचे उत्तर म्हणून नव्हे, तर पुराव्याच्या अभावी. खालच्या कोर्टात निश्चित होणारे मुद्दे वरच्या न्यायालयाची क्षितिजरेषा कशी आखतात, याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण. अस्पृश्यता नष्ट करणारे भारतीय संविधानाचे १७ वे कलम या दृष्टीनेही वाचता येते. वहिवाटीच्या वयाचा पुरावा त्याने कायमचा अप्रस्तुत ठरविला. तळ्याच्या दाव्यातील एक प्रतिवादी त्या संविधानाच्या मसुदा समितीचा अध्यक्ष होता, ही बाब या वाचनाला बळ देते.

७. समारोप

स्वातंत्र्यानंतर व्यवसायाची चौकट बदलली. १९६१ च्या वकील अधिनियमाने प्लीडर, मुखत्यार आदी दर्जांच्या जागी अधिवक्त्यांचा एकच वर्ग निर्माण केला. स्त्रियांना वकिलीची वाट १९२३ च्या कायद्यानेच खुली झाली होती. मोफत विधी साहाय्य १९७६ मध्ये ३९-अ या कलमाद्वारे मार्गदर्शक तत्त्वांत आले आणि १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाने त्याला संस्थात्मक रूप मिळाले. महाराष्ट्रात १९९८ मध्ये मराठी ही अधीनस्थ न्यायालयांची भाषा म्हणून अधिसूचित झाली. १ जुलै २०२४ पासून दंड संहिता, फौजदारी कार्यपद्धती आणि पुरावा यांसंबंधीचे नवे कायदे अमलात आले. दिवाणी कार्यपद्धतीची १९०८ ची संहिता मात्र कायम आहे. फौजदारी दप्तरावरील नावे बदलली आणि दिवाणी दप्तर जुन्याच नावाने चालू राहिले.

मुफसल वकिलीचे मूळ स्वरूप या बदलांत टिकून आहे. उच्च न्यायालयाचे कामकाज मुख्यतः इंग्रजीत चालते. तालुक्याच्या कोर्टात मराठी, हिंदी वा ओडियात लिहिलेली साक्ष अपिलासोबत भाषांतरित होऊन वर जाते. गाऱ्हाण्यापासून निकालापर्यंत होणाऱ्या रूपांतरांपैकी हे शेवटचे भाषांतर तेवढे 'भाषांतर' या नावाने ओळखले जाते. त्याआधीची दोन रूपांतरे, म्हणजे अशिलाच्या बोलण्यातून वकिलाने केलेली निवड आणि एका गाऱ्हाण्याची दोन दप्तरांत झालेली वाटणी, निनावी राहतात.

कटक, मोतीहारी आणि महाड या तीन उदाहरणांत या निनावी रूपांतरांची तीन फलिते दिसतात. सेनापतींच्या कादंबरीत विभागणीचा लाभ वकिलाने उठविला. चंपारणात वकिलांनी दाव्याची चौकट बाजूला ठेवून केवळ लेखनिक होण्याचे पत्करले आणि त्यामुळे विखुरलेले कथन जुळून आले. महाडमध्ये चौकट न मोडता तिच्यात राहूनच लढा जिंकला गेला. मात्र मूळ प्रश्न चौकटीबाहेर राहिला आणि त्याला संविधानाची वाट पाहावी लागली. मुफसल वकिलाला केवळ लबाड ठरविणारी लोकोक्ती आणि त्याला केवळ देशभक्त ठरविणारी चरित्रे या दोहोंतूनही ही गुंतागुंत निसटते. जिल्हा न्यायालयांच्या अभिलेखकक्षांत पडून असलेले दावे, कैफियती व जबान्या या भारतीय भाषांतील गद्याच्या आणि भाषांतराच्या इतिहासाची साधने आहेत. फिर्याद आणि दावा हे दोन कागद शेजारी ठेवून वाचले, तरच त्यांच्या मागे एकच माणूस उभा होता हे ध्यानात येते. असे वाचन कायद्याच्या अभ्यासकापेक्षा तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला अधिक साधण्याजोगे आहे.